पटावरची मुलं

वर्गाच्या दाराशेजारी भिंतीवर काळ्या रंगाचा एक चौकोन असतो. वर वार आणि तारीख. खाली रकाने: मुले, मुली, एकूण. बाजूला दोन शब्द: पट आणि हजर. पाथर्डी तालुक्यात माणिकदौंडीच्या बाजूला, डोंगराच्या कुशीतल्या एका वस्तीवरच्या शाळेत मी पोचलो तेव्हा तिसरीतली एक मुलगी टाचा उंचावून तो चौकोन भरत होती. पट २२, हजर २१. जो आला नव्हता त्याला परवापासून ताप आहे, त्याची आजी त्याला दवाखान्यात घेऊन गेली आहे, हे तिनं न विचारता सांगितलं.

यंदाच्या दिवाळी अंकासाठी संपादकांनी विषय दिला होता, ‘सगळ्यांचं’. जे कुणा एकाच्या मालकीचं नाही आणि तरी प्रत्येकाचं आहे, अशा गोष्टींकडे जाऊन बघा, असं त्यांचं म्हणणं. मला पहिल्यांदा जिल्हा परिषदेची शाळाच आठवली. गावात मंदिरं जातीपातीनं वाटली जातात, पाणवठे वाटले गेले होते, स्मशानंसुद्धा वेगळी असतात. एकाच सतरंजीवर सगळ्यांची पोरं बसतील अशी जागा गावात एकच होती. ती आज कशी चालते, हे बघायला सप्टेंबरच्या अखेरच्या आठवड्यात मी नगर जिल्ह्यात फिरलो. सरकारदरबारी आता अहिल्यानगर हे नाव लागलं आहे. बोलताना लोक अजून नगरच म्हणतात, म्हणून मीही तेच लिहितो.

सप्टेंबरची अखेर निवडली त्यालाही कारण होतं. ३० सप्टेंबरला शाळेचा पट मोजला जातो, आणि त्या आकड्यावर शाळेचं पुढचं वर्ष ठरतं.

दोन शिक्षक, चार वर्ग

परिपाठ झाला. प्रार्थना, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, दिनविशेष, एक गोष्ट. मुलं रांगेनं आत गेली. पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी दुसऱ्या खोलीत. अशा शाळेला द्विशिक्षकी म्हणतात, आणि जिल्ह्यातल्या वाड्यावस्त्यांवर हेच चित्र आहे. शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ९० पर्यंत ३, १२० पर्यंत ४ असं माप घालून दिलं आहे. कायदा मुलं मोजतो, इयत्ता मोजत नाही. त्यामुळे २२ मुलांच्या शाळेतही चार इयत्तांची पुस्तकं असतात आणि शिकवणारे हात चारच.

त्या दिवशी तर दोनच होते. सरांना तालुक्याला पंचायत समितीत बैठकीसाठी बोलावलं होतं. बाई एकट्या. त्यांनी दोन्ही वर्ग एका खोलीत घेतले. चौथीला भागाकाराची पाच उदाहरणं फळ्यावर दिली, तिसरीला धडा मनात वाचायला लावला, दुसरीच्या मुलांना काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधायला दिले आणि पहिलीच्या पाच पोरांना जवळ घेऊन त्या अक्षरांवर बसल्या. मध्येच चौथीतला एक मुलगा उठला आणि दुसरीतल्या पोराचा गठ्ठा मोजून देऊ लागला. बाईंनी त्याला हटकलं नाही. बहुवर्ग अध्यापन हा शब्द प्रशिक्षणात नंतर आला. वाडीवरच्या गुरुजी-बाई ते पिढ्यान् पिढ्या करत आले आहेत.

अकराच्या सुमारास बाईंचा मोबाइल वाजायला लागला. आजची पोषण आहाराची आकडेवारी भरायची होती, मग आधार पडताळणीत अडकलेल्या एका मुलाचं नाव दुरुस्त करायचं होतं. नावात वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ, एवढ्यावरून ते मूल कागदावर अडकलं होतं. आधार जुळलं नाही तर संच मान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे हे ठरवणाऱ्या हिशेबात, ते मूल धरलं जात नाही. समोर बसून ‘क’ गिरवतं आहे आणि यंत्रणेच्या लेखी ते नाही. निवडणुकीच्या काळात यातच मतदारयादीचं काम येतं. बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणून घरोघर जाणारे बहुतेक वेळा शाळेचे शिक्षकच असतात.

मागच्या पडवीत भात रटरटत होता. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५०. लहान मुलाला त्या एका जेवणातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा हिशेब आहे. स्वयंपाक करणाऱ्या मावशी वस्तीवरच्याच. त्यांचं मानधन आधी महिन्याला १५०० रुपये होतं, २०२३ मध्ये ते २५०० झालं. कुठलं पोर दुसऱ्यांदा भात मागतं आणि कुठलं लाजतं, हे मावशींना ठाऊक असतं. लाजणाऱ्याच्या ताटात त्या पहिल्यांदाच डाव भरून वाढतात. पोषणाच्या कुठल्याही तक्त्यात ही नोंद होत नाही.

ही शाळा कुणाची?

नगर जिल्ह्याचं क्षेत्रफळ १७,०४८ चौरस किलोमीटर. महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा, त्यात साडेचार गोवे बसतील. तालुके १४. एवढ्या पसाऱ्यात जिल्हा परिषदेच्या सुमारे साडेतीन हजार प्राथमिक शाळा आहेत. दहा-बारा शाळांचं एक केंद्र आणि त्यावर केंद्रप्रमुख, मग विस्तार अधिकारी, तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, जिल्ह्याला शिक्षणाधिकारी आणि सर्वांत वर मुख्य कार्यकारी अधिकारी. शाळा बहुतेक चौथी, पाचवी किंवा सातवीपर्यंत. पुढचं हायस्कूल रयत शिक्षण संस्थेचं, जिल्हा मराठा विद्या प्रसारक समाजाचं किंवा आणखी कुठल्या संस्थेचं. म्हणजे शिक्षणाचा पाया सरकारनं घालायचा आणि वरचे मजले संस्थांनी चढवायचे, अशी इथली घडण आहे.

परदेशात स्थायिक झालेल्या मराठी घरांतून अमेरिकेतल्या सरकारी शाळांचं कौतुक ऐकू येतं, म्हणून तुलना करून बघितली. तिथे सुमारे १३ हजार शालेय जिल्हे आहेत. एखाद्या छोट्या शहराचा स्वतंत्र शालेय जिल्हा असतो. त्याचं शिक्षण मंडळ बहुतेक ठिकाणी लोक थेट निवडून देतात. ते मंडळ अधीक्षक नेमतं, अंदाजपत्रक ठरवतं, आणि खर्चाचा मोठा वाटा त्या परिसरातल्या घर-जमिनीवरच्या करातून येतो. शाळेचं छप्पर गळलं तर कुणाला धरायचं हे पालकाला माहीत असतं, कारण तो माणूस त्याच्याच मतावर निवडून आलेला असतो. त्याची दुसरी बाजू अशी की श्रीमंत वस्तीची शाळा श्रीमंत आणि गरीब वस्तीची गरीब.

आपल्याकडे याच्या उलट. लोणीच्या बागायती पट्ट्यातल्या शिक्षकाला आणि जामखेडच्या माळावरच्या शिक्षकाला पगार एकाच वेतनश्रेणीत मिळतो, कारण तो राज्य सरकार देतं. ही समता लहानसहान नाही. पण निर्णयही त्याच पैशाबरोबर वर गेले. शिक्षक किती, हे संच मान्यता सांगते. कोण येणार, हे राज्याचं पोर्टल सांगतं. कोण जाणार, हे ऑनलाइन बदलीचं सॉफ्टवेअर सांगतं. वर्षाचं संयुक्त शाळा अनुदानसुद्धा पटावर: ३० मुलांपर्यंत १० हजार रुपये, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार. खडू, झाडू, डागडुजी सगळं त्यातच. मुलं २२ असली म्हणून शाळेची कौलं कमी फुटत नाहीत.

जिल्हा परिषदेत लोकांचे प्रतिनिधी असतात, त्यांची शिक्षण समिती असते. पण नगर जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची तीन वर्षं तरी निवडणूक झालीच नाही. कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. प्रशासक चांगला असू शकतो, कामही जोरात करू शकतो. पण गळक्या वर्गाची तक्रार घेऊन बाईमाणसानं ज्याच्या ओसरीवर जायचं, तो गटातला सदस्यच त्या काळात नव्हता.

रुपयामागे एक आणा

सार्वजनिक शाळेच्या प्रश्नावर नगरनं देशाला एक धडा दिला आहे, आणि त्यात अमेरिकेचाही धागा आहे. अमेरिकन मराठी मिशननं १८३१ मध्ये नगरला ठाणं मांडलं. सिंथिया फरार ही अविवाहित अमेरिकन शिक्षिका १८२७ मध्ये मुंबईला आली, १८३९ पासून नगरला राहिली, मुलींच्या शाळा चालवत राहिली आणि १८६२ मध्ये इथेच वारली. जोतीराव फुले तिची शाळा बघायला नगरला आले होते. ती बघूनच आपण पुण्यात मुलींची शाळा काढली, असं त्यांनी स्वतः नोंदवलं आहे. सावित्रीबाईंनीही अध्यापनाचे धडे फरारबाईंच्या संस्थेत घेतले, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. फुल्यांची ती शाळा जिथे भरली त्या पुण्यातल्या भिडेवाड्याचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या मुळाशी असलेली नगरची शाळा नगरकरांच्याही फारशी ध्यानात नसते.

फुल्यांनी पुढे १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिलं, त्याचं सूत्र पैशांचं होतं. मुंबई इलाख्यात १८६० च्या दशकापासून शेतकऱ्याकडून शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड घेतला जाई आणि त्याचा तिसरा हिस्सा शाळांसाठी ठेवला जाई. म्हणजे कर भरणारा कुणबी आणि शिकणारी पोरं मात्र दुसऱ्यांचीच. रयतेच्या घामाचा पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर न जाता खेड्यातल्या प्राथमिक शाळेवर जावा आणि किमान बारा वर्षांपर्यंतचं शिक्षण सक्तीचं व्हावं, ही त्यांची मागणी होती. देशभर तो हक्क कायद्यानं लागू झाला १ एप्रिल २०१० ला. मध्ये १२८ वर्षं गेली.

लोकल बोर्डांकडून जिल्हा स्कूल बोर्डांकडे, आणि १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या तेव्हा त्यांच्याकडे, अशा या शाळा हातोहात येत गेल्या. माणिकदौंडीजवळची वस्तीवरची शाळा त्या एका आण्याची वारस आहे.

वस्ती, मळा आणि छोटा पट

शाळा छोट्या का, असा प्रश्न मंत्रालयात विचारला जातो. त्याचं उत्तर नगरच्या जमिनीत आहे. प्रवरा आणि मुळेच्या पाण्यानं जिल्ह्याचा उत्तर भाग भिजला. ऊस आला, कारखाने आले, आणि माणसं गावठाण सोडून आपापल्या रानात राहायला गेली. दक्षिणेत पाणी नाही, पण विहीर जिथे लागली तिथे घर झालं. गाव एक आणि वस्त्या दहा, अशी रचना झाली. चार किलोमीटरवरच्या गावठाणातल्या शाळेत सहा वर्षांचं पोर ओढा ओलांडून जाणार कसं? म्हणून २००० नंतर वस्तीशाळा निघाल्या. वस्तीवरचाच शिकलेला तरुण हजार रुपये मानधनावर शिकवायला बसला. कधी झाडाखाली, कधी कुणाच्या गोठ्याशेजारच्या खोलीत. हे वस्तीशाळा शिक्षक १ मार्च २०१४ पासून नियमित झाले, तोवर त्यांतल्या अनेकांचे केस पिकले होते.

तिकडे पश्चिमेला अकोले तालुका. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड यांच्या घेरातल्या महादेव कोळी आणि ठाकर पाड्यांवर पावसाळ्यात रस्ता शिल्लक राहत नाही. तिथलं पहिलीतलं मूल जे बोलतं ते पाठ्यपुस्तकात नसतं, आणि पुस्तकातलं घरात नसतं. हेरंब कुलकर्णी यांनी आदिवासी भागांतल्या शाळा फिरून बघितल्या आणि ‘शाळा आहे, शिक्षण नाही’ हे पुस्तक लिहिलं. त्या नावातला आरोप अजून पुसला गेलेला नाही. पण त्याला लागून एक गोष्ट सांगायला हवी. शाळाच नसेल तर शिक्षण नाही हा आरोप करायलाही जागा राहत नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयानं २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले. पानशेत आणि तोरणमाळच्या समूह शाळांची उदाहरणं दिली गेली. मोठी शाळा, जास्त शिक्षक, प्रयोगशाळा, खेळ, आणि मुलांना न्यायला गाडी. ऐकायला वाईट नाही. वीस मुलांपेक्षा शंभर मुलांत मूल जास्त शिकतं, असं प्रामाणिकपणे मानणारे शिक्षकही मला भेटले. पण गाडी न येण्याचे दिवस वर्षात किती, आणि त्या दिवशी आधी घरी कोण बसतं, याचं उत्तर वस्तीवरची प्रत्येक आई देते. मुलगी बसते. पुढे १५ मार्च २०२४ च्या संच मान्यतेच्या निर्णयानं कमी पटाच्या सहावी ते आठवीच्या वर्गांवरची पदं धोक्यात आली, तेव्हा राज्यभरचे शिक्षक सामूहिक रजा टाकून रस्त्यावर उतरले. त्यांत त्यांच्या नोकरीचा प्रश्न होता हे खरं. त्याच वेळी ओढ्यापलीकडच्या मुलीचाही होता.

दिवाळी झाली की

या जिल्ह्यात पट म्हणजे नेमकं काय, हे समजायला कोयता समजून घ्यावा लागतो. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडच्या वाड्यांवरून मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली अशी कोयत्यांची टोळी दिवाळीच्या आगेमागे निघते आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परतते. मागे म्हातारी माणसं, शेरडं आणि कुलपं राहतात.

आता तारखा जुळवून बघा. पट मोजायचा ३० सप्टेंबरला. गाड्या भरायच्या दिवाळीला. म्हणजे ज्या आकड्यावर शिक्षक ठरतात, त्यातली किती मुलं डिसेंबरात वर्गात असतील हे तो आकडा सांगूच शकत नाही. २०११ मध्ये ३ ते ५ ऑक्टोबरला राज्यभर पटपडताळणी झाली होती. एकच मूल दोन शाळांत दाखवू नये म्हणून मुलांच्या बोटांना मतदानासारखी शाई लावली, आणि लाखो मुलं कागदावरच आहेत हे उघड झालं. त्या मोहिमेनं खोटी नावं शोधली, ते बरंच झालं. पण कोयत्याबरोबर जाणारं मूल खोटं नाही. ते खरं आहे, त्याचं नाव खरं आहे, फक्त ते तिथे नाही.

त्याच्यासाठी सरकारनं दोन वाटा काढल्या. एक हंगामी वसतिगृह. नावात वसतिगृह असलं तरी बऱ्याच गावांत मूल आजीकडे किंवा चुलत्याकडेच झोपतं आणि दोन वेळचं जेवण शाळेच्या व्यवस्थेतून मिळतं. दुसरी वाट शिक्षण हमी कार्डाची. स्थलांतर करणाऱ्या मुलाच्या हातात ते द्यायचं, म्हणजे जिथे जाईल तिथली शाळा त्याला बसवून घेईल. कार्ड मिळतंही. पण कारखान्याच्या तळावर कोपी, म्हणजे तात्पुरती झोपडी, पडते ती गावाबाहेर, आई-बाप पहाटे उसाच्या फडात जातात, आणि नऊ वर्षांच्या मुलीच्या कडेवर दोन वर्षांचा भाऊ असतो. त्या मुलीला कार्ड पुरत नाही. तिला त्या भावाला ठेवायला जागा हवी असते.

आणि हे सगळे फड काही परमुलखातच नसतात. संगमनेर, राहाता, कोपरगावकडचे कारखाने याच जिल्ह्यातले आहेत. पाथर्डीच्या मुलाचं नाव एका शाळेच्या पटावर आहे, आणि जिथे त्याची कोपी असते तिथून हाकेच्या अंतरावर दुसरी शाळा भरते. दोन्ही शाळा एकाच जिल्हा परिषदेच्या. मुख्य कार्यकारी अधिकारी एक, शिक्षणाधिकारी एक, पोर्टल एक. मग ते मूल हरवतं कुठे? हा प्रश्न मी ज्यांना ज्यांना विचारला, त्यांनी दोष यंत्रणेला दिला. पण मला अशाही शाळा दिसल्या जिथे बाई दसऱ्यापासून आई-बापांच्या मागे लागतात, पोराला आजीपाशी ठेवा म्हणून विनवतात, आजीचं औषध संपलं की स्वतः आणून देतात. त्या शाळांत जानेवारीतही वर्ग भरलेला असतो. आजी जगली तर शाळा जगते, एवढं साधं गणित त्या बाईंनी ओळखलेलं आहे.

छप्पर

ऑगस्ट २०१७ मध्ये नगर शहराजवळच्या निंबोडी गावात भर पावसात जिल्हा परिषद शाळेचं छत कोसळलं. ३ मुलं दगावली. जिल्ह्यातल्या प्रत्येक मुख्याध्यापकाला तो दिवस आठवतो. जोराचा पाऊस आला की जुन्या दगडी खोल्यांतले शिक्षक आजही मुलांना पडवीत आणतात.

धोकादायक खोली पाडायची तर आधी तिचं निर्लेखन व्हावं लागतं, म्हणजे ती सरकारी नोंदीतून वजा व्हावी लागते. प्रस्ताव, अभियंत्याचा दाखला, तालुका, जिल्हा, मंजुरी. मग पाडकाम. नवी खोली मंजूर व्हायची ती वेगळ्या निधीतून, आणि निधी कुठे आधी जाईल यात पट बोलतो. मधल्या काळात वर्ग मारुतीच्या देवळात, समाजमंदिरात किंवा झाडाखाली भरतो. एका गावात देवळात भरलेल्या वर्गात मी बसलो. पोरं पाढे म्हणत होती आणि दर्शनाला येणारी माणसं घंटा न वाजवता हात जोडून जात होती. गावानं तेवढा नेम पाळला होता.

लोकवर्गणीतून रंगलेल्या भिंती, टीव्ही, पाण्याच्या टाक्या मी अनेक शाळांत पाहिल्या. पुण्या-मुंबईत नोकरीला असलेले माजी विद्यार्थी पैसे पाठवतात, यात्रेच्या वर्गणीतून उरलेली रक्कम शाळेला मिळते. हे फार चांगलं आहे. पण वर्गणीनं रंग येतो, छत येत नाही. छत सरकारनंच द्यायचं असतं, आणि ते मागायला गावाला एक तोंड लागतं.

चौकोन भरणारे हात

ते तोंड कायद्यानं दिलेलं आहे. प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात ७५ टक्के सदस्य पालक आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या स्त्रिया, असं शिक्षण हक्क कायदा सांगतो. शाळेचा विकास आराखडा तिनं करायचा, अनुदानाच्या खर्चावर तिनं लक्ष ठेवायचं, पोषण आहार तिनं बघायचा. अमेरिकेतल्या शिक्षण मंडळासारखे कर बसवण्याचे आणि अधिकारी नेमण्याचे अधिकार तिला नाहीत. पण गावातली मजूर बाई ज्या खुर्चीवर बसून सरकारी पैशांचा हिशेब विचारू शकते, अशा खुर्च्या आपल्या देशात थोड्या आहेत.

मी पाहिलं त्यात बहुतेक ठिकाणी ही समिती रजिस्टरात भरते. सह्या घरी जाऊन घेतल्या जातात. याचं खरं कारण असं की गावात ज्यांचा शब्द चालतो, त्यांची पोरं पिवळ्या बसमधून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातात. ज्यांची पोरं इथे आहेत त्यांचा शब्द चालत नाही. शाळा सगळ्यांची राहिली नाही, उरलेल्यांची झाली, आणि उरलेल्यांच्या गोष्टीचं छप्पर आधी गळतं. पट कमी झाला म्हणून शाळा बंद करा, असं म्हणण्याआधी पट कुणी कमी केला हे गावानं एकदा स्वतःला विचारायला हवं.

माझं मत सरळ आहे. डोंगरातल्या २२ मुलांची शाळा तोट्याची शाळा नव्हे. त्या २२ जणांसाठी ती एकमेव शाळा आहे. तिला माणसं आणि पैसे देताना पटाबरोबर अंतर मोजा, ओढे मोजा, कोयते मोजा. पटाची मोजणी एकदा सप्टेंबरात आणि एकदा जानेवारीत करा. आणि जानेवारीत जे मूल सापडत नाही ते याच जिल्ह्यातल्या कुठल्या फडावर आहे हे शोधून, तिथल्या जवळच्या शाळेत त्याला आणि त्याच्या धाकट्या भावंडाला बसायला जागा द्या. एका जिल्हा परिषदेला हे अशक्य नाही.

हा अंक तुमच्या हातात येईल तेव्हा शाळांना सुट्टी असेल आणि तुमच्यातले पुष्कळजण गावी गेलेले असतील. सुट्टी संपून शाळा उघडेल त्या दिवशी अर्धा तास काढा. ज्या शाळेत तुम्ही पाटी घेऊन बसलात तिथे जा. व्यवस्थापन समितीत कोण आहे, शेवटची बैठक कधी झाली, छताचं काय, हे विचारा. विचारणारं कुणी आहे एवढं कळलं तरी पुष्कळ गोष्टी हलतात. निघताना दाराशेजारचा तो काळा चौकोन वाचा. पट किती आणि हजर किती, ते बघा. दोन आकड्यांत फरक असेल, तर ती मुलं कुठे गेली हे विचारल्याशिवाय परतू नका.